वादळाच्या वाटेवरच्या बागा : झाडं का पडतात आणि ती टिकवायची कशी

१६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘मांगखुत’ हे महाचक्रीवादळ हाँगकाँगच्या दक्षिणेकडून, साधारण शंभर किलोमीटर अंतरावरून पुढे गेलं. ते थेट शहरावर आलंही नाही. तरी झाडं पडल्याच्या सुमारे ६०,००० नोंदी सरकारी यंत्रणेकडे झाल्या. रस्ते अडले, बससेवा कोलमडली, शाळा दोन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. बातम्यांमध्ये पडलेल्या झाडांचा आकडा आला. बागा सांभाळणाऱ्यांसाठी मात्र उभी राहिलेली झाडं जास्त बोलकी असतात. एकाच रस्त्यावर एकाच जातीची, एकाच वयाची दोन झाडं असतात. त्यातलं एक मुळासकट आडवं होतं आणि दुसऱ्याची नुसती पानं झडतात. वारा दोघांनाही सारखाच लागलेला असतो. मग फरक कशानं पडतो?

बहुतेक वेळा याचं उत्तर जमिनीखाली सापडतं, नाहीतर पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी चालवलेल्या करवतीत. वादळ एका रात्रीचं असतं, पण झाड पडायची कारणं त्याआधी कित्येक वर्षं साठत आलेली असतात. कुणीतरी मूळ तोडलेलं असतं, कुणी बुंध्याभोवती काँक्रीट ओतलेलं असतं, कुणी शेंडा छाटलेला असतो, कुणी रोप चुकीचं लावलेलं असतं. म्हणूनच वादळी प्रदेशात झाडं सांभाळण्याचं खरं काम वादळाच्या आठवड्यात होत नाही. ते शांत हवेच्या दिवसांत, वर्षानुवर्षं करायचं असतं.

उपोष्ण कटिबंधातली अडचण

कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या आसपासपासून ढोबळमानानं ३५ अंशांपर्यंतच्या पट्ट्याला उपोष्ण कटिबंध म्हणतात. हाँगकाँग, जपानमधलं ओकिनावा, अमेरिकेतलं फ्लोरिडा, ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन हे सगळे याच पट्ट्यात येतात. कोलकाता त्याच्या उंबरठ्यावर आहे. इथे ऊब आणि ओल मुबलक असल्यामुळे झाडं वर्षातला बराचसा काळ वाढत राहतात. बाग लवकर हिरवी होते, सावली लवकर मिळते. पण भराभर वाढणाऱ्या अनेक जातींचं लाकूड हलकं आणि ठिसूळ असतं. शिवाय जी ऊब आणि ओल झाडाला मानवते, तीच बुरशीला आणि वाळवीलाही मानवते. थंड देशांत हिवाळा लाकूड कुजण्याचा वेग मंदावतो. इथे तशी विश्रांती नाही.

त्यात वादळं येतात ती झाड पानांनी गच्च भरलेलं असताना, आणि मुसळधार पाऊस सोबत घेऊन. पाऊस हा वाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण मातीत पाणी भरलं की तिची मुळांवरची पकड सैल होते. कोरड्या मातीत जो झोत झाड सहज पचवतं, तोच झोत भिजलेल्या मातीत त्याला उखडून टाकू शकतो.

वारा नेमकं काय करतो

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० वर गेला, तर एखाद्या ताठ फलकावरचा जोर चारपट वाढेल. झाड मात्र फलक नाही. पानं गुंडाळली जातात, डहाळ्या वाऱ्याच्या दिशेनं वळतात, पर्णसंभार आक्रसतो, त्यामुळे झाडावरचा जोर तितका वाढत नाही. शिवाय फांद्या वेगवेगळ्या तालात हलतात आणि एकमेकींची हालचाल मोडतात. ही लवचिकता झाडाची पहिली ढाल आहे, आणि चुकीच्या छाटणीत सगळ्यात आधी तीच जाते.

झाड तीन तऱ्हांनी हार मानतं. फांदी तुटते, खोड मधूनच मोडतं, किंवा मुळांचा गड्डा मातीसकट उचकटून झाड उन्मळतं. फांदी बहुधा बेचक्यात तुटते. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अगदी अरुंद कोनात वाढल्या की त्यांच्या मध्ये साल दबून राहते, लाकूड लाकडाला जुळतच नाही. बाहेरून जोड भक्कम दिसतो, प्रत्यक्षात तिथे फट असते. खोड मोडतं तिथे आत बहुधा कूज किंवा पोकळी असते. आणि उन्मळण्याचा विषय सगळा मुळांचा आहे. तिथे जरा थांबायला हवं.

मुळं : दुर्लक्षित अर्धं झाड

झाड जितकं वर, तितकंच खाली खोल गेलेलं असतं, असा अनेकांचा समज असतो. शहरातल्या मोठ्या झाडाच्या बाबतीत हे बहुधा खरं नसतं. बहुतेक मुळं वरच्या ६० ते ९० सेंटिमीटर मातीत असतात, कारण हवा आणि ओलावा तिथेच मिळतो. खोलीची भरपाई ती पसरून करतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे लांबवर जातात. त्यामुळे झाडाचा तोल पसरट तळावर उभ्या असलेल्या समईसारखा असतो. तळाची एक बाजू कापली तर समई लगेच पडत नाही. धक्का लागेपर्यंत उभी राहते.

शहरात नेमकं हेच घडतं. गटार, केबल, जलवाहिनी, फुटपाथ अशा प्रत्येक कामासाठी चर खणला जातो आणि बुंध्यापासून हातभर अंतरावरून जातो. वाटेतली मनगटाएवढी मुळं कापली जातात, चर बुजतो, वर फरशी बसते. झाड हिरवंच राहतं, कारण उरलेली मुळं पाणी पुरवतात. पण एका बाजूचा आधार गेलेला असतो. पुढे पाच-सात वर्षांनी मोठा वारा त्या बाजूनं आला की झाड पडतं आणि दोष वादळाच्या माथी मारला जातो. कापलेल्या मुळांच्या टोकांतून कूज आत शिरते, ती गोष्ट वेगळीच. म्हणूनच झाडाभोवती खोदकामाला बंदी असलेलं वर्तुळ आधी आखून, त्याला कुंपण घालून मगच बांधकामाला परवानगी द्यायला हवी. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मोडला जाणाराही हाच.

दुसरा शत्रू म्हणजे दाबली गेलेली माती. पायांखाली, गाड्यांखाली, यंत्रांखाली माती चेपली की तिच्यातली हवेची पोकळी जाते. मग मुळं गुदमरतात, वरच्या पातळ थरात अडकून राहतात. इंग्लंडमधल्या क्यू उद्यानातली एक गोष्ट या बाबतीत डोळे उघडणारी आहे. हवामान तिथलं वेगळं, पण धडा सगळीकडे लागू पडतो. ऑक्टोबर १९८७ च्या भीषण वादळात तिथली सुमारे ७०० झाडं गेली. एक जुना, मरगळलेला ‘टर्नर्स ओक’ मात्र वाऱ्यानं मुळांच्या गड्ड्यासकट वर उचलला आणि पुन्हा जागेवर बसवला. पडलेली झाडं आवरण्याची घाई असल्यामुळे त्याला टेकू देऊन तसंच ठेवलं गेलं. साधारण तीन वर्षांनी त्याच्याकडे पाळी आली, तेव्हा झाड पूर्वीपेक्षा जोमानं वाढत होतं. उचलला जाताना त्याच्या मुळांभोवतीची वर्षानुवर्षं चेपलेली माती सैल झाली होती. त्यावरून तिथे दाबलेल्या मातीत दाबाखाली हवा सोडून ती मोकळी करण्याची पद्धत रुळली.

रस्त्याकडेला झाडाला मोकळी माती देणं अवघड असतं हे खरं. त्यासाठी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक मिश्रण तयार झालं. त्यात खडी एकमेकींवर टेकून फुटपाथचं वजन पेलते आणि खडीच्या फटींत भरलेल्या मातीत मुळं वाढतात. दुसरा मार्ग म्हणजे फुटपाथ खांबांवर किंवा सांगाड्यावर तोलून खाली माती सैलच ठेवणं. दोन्ही महाग आहेत. पण मीटरभर चौकोनी खड्ड्यात वडाच्या जातीचं झाड लावून पन्नास वर्षांनी त्याचं ओझं काढण्याचा खर्चही कमी नसतो.

मुळांची कथा रोपवाटिकेतच सुरू होते. पिशवीत किंवा कुंडीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं भिंतीला आपटून गोल फिरतात. तशीच लावली तर पुढे ती खोडालाच वेढा घालतात. झाड वीस वर्षांचं होतं आणि पायथ्याशी आवळलं जातं. म्हणून लावताना ही वेटोळी मुळं कापून बाहेर मोकळी करावी लागतात. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत मिसळतो तो भाग जमिनीच्या वर दिसायला हवा. बुंध्याभोवती मातीचा किंवा पाल्याचा ढीग लावणं वाईटच. आच्छादन पाच-दहा सेंटिमीटर जाडीचं आणि खोडापासून थोडं दूर असावं. आधाराचा बांबू साधारण वर्षभरानं काढावा. वाऱ्यात थोडं डोलणाऱ्या रोपाचं खोड जाड होतं आणि मुळं पकड घेतात. कायम बांधलेलं रोप उंच होतं, पण दणकट होत नाही.

करवत कुठे चालवावी आणि कुठे नाही

वादळाचा हंगाम जवळ आला की ‘झाड कमी करून टाका’ अशी मागणी येते. मग शेंडा उडवून, मोठ्या फांद्या अर्ध्यावर तोडून झाडाचा थुटका खांब केला जातो. त्या वर्षापुरतं ते सुरक्षित वाटतं. पण कापलेल्या टोकांवर पुढच्या हंगामात झुपक्यानं नवे कोंब फुटतात. हे कोंब लाकडाच्या आतून आलेले नसतात, सालीजवळच चिकटलेले असतात, आणि खालचं टोक कुजत असतं. चार-पाच वर्षांत तिथे जाड, जड फांद्या तयार होतात, त्यांचा जोड मात्र कुजक्या लाकडाचा. म्हणजे आपणच धोका पेरलेला असतो. फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीत असा शेंडा उडवण्याला नियमानंच मनाई आहे.

झाड जखम कशी हाताळतं हे अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती रासायनिक आणि लाकडी भिंती उभारून कूज कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगीर कडा असतो, तिथे ही संरक्षणाची व्यवस्था सर्वांत मजबूत असते. त्या कड्याच्या लगत बाहेर काप घेतला तर झाड तो बंद करू शकतं. कडाच छाटला तर कूज खोडात शिरते, आणि फार लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत येतो. कापावर डांबर किंवा रंग लावल्यानं कूज थांबत नाही. ती जुनी सवय सोडायला हरकत नाही.

मग छाटणी करावी तरी कशी? सर्वांत मोलाची छाटणी झाड लहान असताना होते. पहिली दहा-पंधरा वर्षं दर दोन-तीन वर्षांनी थोडंसं काम करायचं : एक मुख्य खोड पुढे राहील असं पाहायचं, त्याच्याशी स्पर्धा करणारी फांदी आखूड करायची, अरुंद बेचका दिसला की वेळीच मोडायचा. तेव्हा काप अंगठ्याएवढे असतात आणि झाड ते सहज बंद करतं. मोठ्या झाडाच्या बाबतीत शेंड्याकडच्या आणि कडेच्या लांब फांद्या योग्य उपफांदीपर्यंत आखूड करणं उपयोगाचं ठरतं. फ्लोरिडा विद्यापीठात एडवर्ड गिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या यंत्रासमोर ओकची झाडं ठेवून खोडं किती हलतात ते मोजलं. खोड हलवण्यात शेंड्याकडच्या फांद्या-पानांचा वाटा मोठा असल्याचं त्यात दिसलं. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला पानांचे झुपके ठेवण्याची पद्धत त्यामुळे उलटी ठरते. वजन टोकाला जातं आणि फांदीची झोत जिरवण्याची क्षमता कमी होते.

ताडवर्गी झाडांचंही तसंच. वादळाआधी त्यांची हिरवी पानं काढून फक्त मधला तुरा ठेवतात. त्यानं झाड वाचत नाही, उलट अन्न तयार करणारी पानं जाऊन ते अशक्त होतं. सुकलेली, लोंबणारी पानं आणि जड फळांचे घड काढले की पुरे.

तपासणी : कोणतं झाड, कुणाच्या डोक्यावर

२००८ मध्ये हाँगकाँगच्या स्टॅन्ली भागात झाड कोसळून एका तरुण विद्यार्थिनीचा जीव गेला. त्यानंतर सरकारनं झाडांच्या व्यवस्थापनाचा आढावा घेतला, २००९ मध्ये अहवाल आला आणि २०१० मध्ये केवळ झाडांसाठी स्वतंत्र कार्यालय सुरू झालं. तिथल्या पद्धतीत मला पटलेली गोष्ट म्हणजे तपासणीचा क्रम. शहरातलं प्रत्येक झाड सारख्या बारकाईनं पाहणं अशक्य आहे. म्हणून आधी जागा निवडतात : जिथे माणसांची, वाहनांची वर्दळ जास्त. मग त्या जागेतली संशयास्पद झाडं एकेक करून तपासतात, आणि हे काम दरवर्षी पावसाळ्याआधी उरकायचं असतं.

यामागचा विचार सोपा आहे. धोका म्हणजे नुसती झाड पडण्याची शक्यता नाही. ते पडलं तर खाली कोण असेल आणि किती इजा होईल, हे दोन्ही त्यात येतं. बागेच्या आडबाजूला असलेलं पोकळ झाड पक्ष्यांसाठी आणि वटवाघळांसाठी तसंच ठेवता येतं. तेच झाड शाळेच्या फाटकावर असेल तर निर्णय बदलतो. कधी झाड हलवण्याऐवजी बाकडं हलवलं की काम होतं.

बघायचं काय? बुंध्याजवळची माती एका बाजूनं उचललेली किंवा भेगाळलेली आहे का, झाड नव्यानं कललं आहे का, पायथ्याशी बुरशीच्या छत्र्या उगवल्या आहेत का, बेचक्यात चीर आहे का, शेंड्याकडून पर्णसंभार विरळ होतोय का. लाकडी हातोड्यानं खोड ठोकलं तर पोकळ जागेचा आवाज बदलतो. शंका आली तर बारीक सुई खुपसून लाकडाचा प्रतिकार मोजणारं यंत्र किंवा ध्वनिलहरींनी आतलं चित्र काढणारं यंत्र वापरतात. हाँगकाँगमध्ये पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या पुढाकारानं काही हजार झाडांच्या बुंध्यांवर कल मोजणारे सेन्सर बसवण्याचा प्रकल्पही २०१८ मध्ये सुरू झाला. यंत्रं मदतीला असावीत, पण दरवर्षी तेच झाड पाहणाऱ्या माणसाच्या नजरेला पर्याय नाही. काय बदललं, हे त्यालाच कळतं.

या पट्ट्यातल्या एका रोगाचं नाव बागेतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं : तपकिरी मूळकूज. ‘फेलिनस नॉक्सियस’ नावाची बुरशी ती घडवते. हाँगकाँग, तैवान, ओकिनावा, ब्रिस्बेन या सगळ्या ठिकाणी ती आहे. बुंध्याच्या तळाशी मोजा चढवावा तसा तपकिरी थर दिसतो, आतलं लाकूड मऊ पडतं. एका झाडाची मुळं दुसऱ्याच्या मुळांना भिडली की रोग पुढे सरकतो. म्हणून रोगट झाड नुसतं कापून भागत नाही. मुळं खणून काढावी लागतात, शेजारच्या झाडांच्या आणि त्याच्या मध्ये आडोसा घालावा लागतो, आणि त्या लाकडाचा भुसा बागेत कुठेही पसरायचा नसतो.

जुन्या झाडांबद्दल मात्र घाई नको. कोलकात्याजवळच्या शिबपूर इथल्या वनस्पती उद्यानातला महावड १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत जखमी झाला, पुढे मूळ खोडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये ते खोडच काढून टाकावं लागलं. झाड मात्र आजही आपल्या हजारो पारंब्यांवर उभं आहे. मे २०२० मध्ये ‘अम्फान’ चक्रीवादळानं त्याच्या काही पारंब्या आणि फांद्या मोडल्या, तरी ते जगलं. वडाच्या पारंब्यांना बांबूच्या नळीतून वाट दाखवून जमिनीपर्यंत नेणं हे त्याला आधार देण्याचं जुनं, साधं आणि परिणामकारक तंत्र आहे.

काय लावायचं

ओकिनावातल्या बिसे गावात घरांभोवती ‘फुकुगी’ झाडांच्या दाट रांगा आहेत. गार्सिनिया या प्रजातीतलं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) हे झाड हळू वाढतं, पानं जाड, लाकूड घट्ट. पिढ्यान्‌पिढ्या या रांगांनी तिथली घरं समुद्री वाऱ्यापासून राखली आहेत. फ्लोरिडात १९९२ च्या ‘अँड्र्यू’ वादळापासून फ्लोरिडा विद्यापीठातल्या मेरी ड्युरिया आणि सहकाऱ्यांनी दर मोठ्या वादळानंतर झाडं मोजली. लाइव्ह ओक, सेबल ताड, बाल्ड सायप्रस अशी झाडं जास्त तग धरतात. लॉरेल ओक आणि वॉटर ओक लवकर पडतात. गटानं वाढलेली झाडं एकट्या झाडापेक्षा जास्त वाचतात, कारण ती एकमेकांचा वारा अडवतात. म्हणून मोकळ्या हिरवळीत एकेक झाड विखरून लावण्यापेक्षा पाच-सहांचे पुंजके शहाणपणाचे.

एकाच जातीची रांग दिसते सुंदर, पण एका रोगानं किंवा एका वादळानं सगळी जाते. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सान्तामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेला दंडक अजून उपयोगी आहे : शहरातल्या एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त झाडं नसावीत. वयाचंही तसंच आहे. हाँगकाँगमध्ये युद्धानंतरच्या दशकांत उघड्या उतारांवर तैवान अकेशिया मोठ्या प्रमाणात लावला गेला. त्याचं आयुष्य साधारण ५० ते ६० वर्षांचं, त्यामुळे ती सगळी झाडं जवळजवळ एकदमच म्हातारी झाली. आता ती टप्प्याटप्प्यानं बदलावी लागत आहेत. दरवर्षी थोडी लागवड केली असती तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

वादळ येऊन गेल्यावर

पहिले दोन दिवस रस्ते आणि माणसं, हे ठरलेलंच. वाकलेल्या, अडकलेल्या फांद्यांमध्ये प्रचंड ताण कोंडलेला असतो आणि कापताना त्या झटक्यानं उसळतात. विजेच्या तारांत गुंतलेल्या झाडाला वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावायचा नाही. हे काम उत्साही स्वयंसेवकांचं नाही, प्रशिक्षित माणसांचं आहे.

त्यानंतर मात्र वेग कमी करावा. पानं पूर्ण झडलेलं झाड मेलेलं दिसतं, पण काही आठवड्यांत पालवी फुटते. ताडवर्गी झाडांना तर सहा महिने द्यावेत. मधला कोंभ शाबूत असेल तर नवं पान येतं. खाऱ्या वाऱ्यानं होरपळलेल्या झाडांना आणि मातीला गोड्या पाण्याची भरपूर धुलाई लागते. पुराचं पाणी साचून राहिलं असेल तर आधी निचरा, कारण मुळांना श्वास हवा. खोडाचा व्यास दहा सेंटिमीटरच्या आत असेल तर कललेलं झाड मुळं ओली ठेवून सरळ करता येतं आणि ते पुन्हा रुजतं. मोठं झाड उभं केलं तरी तुटलेली मुळं परत जुळत नाहीत. पुढच्या वादळात ते पुन्हा त्याच जागी पडतं. अपवाद असतात, पण ते शाळेच्या रस्त्यावर आजमावू नयेत.

पडलेलं प्रत्येक झाड हलवण्याआधी पाच मिनिटं देऊन नोंद करावी : जात, जाडी, कुठून मोडलं, मुळं कापलेली होती का, कूज होती का, खड्डा केवढा होता. दहा वर्षांत अशी वही त्या शहराच्या मातीचा आणि वाऱ्याचा सर्वांत विश्वासार्ह ग्रंथ होते. दुर्दैवानं बहुतेक ठिकाणी लाकूड उचलण्याच्या गडबडीत हा पुरावा ट्रकमधून निघून जातो.

आणि रिकाम्या झालेल्या खड्ड्यात लगेच मोठं झाड आणून रोवण्याचा मोह टाळावा. लहान रोप मोठ्या रोपापेक्षा लवकर रुजतं, काही वर्षांत त्याला गाठतं आणि मुळं जागेवरच पसरवतं. लागवडीच्या अंदाजपत्रकात रोपाची किंमत सगळेच धरतात. त्यात पहिल्या दोन-तीन वर्षांचं पाणी आणि पहिल्या दहा वर्षांच्या छाटणीचे पैसे त्याच दिवशी वेगळे काढून ठेवायला हवेत. तेवढे पैसे नसतील तर पन्नास रोपांऐवजी वीसच लावावीत.